न मोडणारं नाव

आमच्या ताईला कुणाच्या लेकराचं नाव ठरवायचं असलं की ती पंचांग उघडत नाही आणि भटजीलाही विचारत नाही. ती गल्लीतले चार वांड पोट्टे गोळा करते. त्यांना ओट्यावर बसवते, प्रत्येकाच्या हातावर मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवते आणि म्हणते, "मृत्युंजय. हं, मोडा बरं याले."

मग ते पोट्टे शेंगदाणे चावत त्या नावाच्या मागे लागतात. दहा मिनिटांत त्यांना नावाचं काही वाकडंतिकडं करता आलं तर नाव नापास. मृत्युंजय हे मी माझ्या मुलासाठी काढलं होतं, चांगलं आठ दिवस डोकं खाजवून. ते पहिल्या शेंगदाण्यालाच गेलं. "मुत्या," असं एक जण बोलला आणि बाकीचे तिघं हसून हसून ओट्यावर आडवे पडले. ताईनं वहीत त्या नावावर काट मारली. "पाह्यलं? बारश्यात हे कोनी सांगत नाई. शाळेत सांगतात," ती म्हणाली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, सुमित्रा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लोणारला राहते. दाजींचं तिथं किराण्याचं लहानसं दुकान होतं. दाजी गेले, दुकान बंद झालं, पण ती काही लोणार सोडून आली नाही. तिला मूलबाळ झालं नाही. मी इकडे चिखलीत बी-बियाण्याचं दुकान चालवतो. आमच्या धंद्यात एक सुख आहे, बियाण्याला नंबर असतो. नंबराला कुणी नाव ठेवत नाही.

आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे तुम्हाला माहीत आहेच. बाकीच्या आत्या काय करतात, नवीन लुगडं नेसून येतात, आईबापांनी ठरवलेलं नाव कानात कुर्र करतात, पाठीवर बायकांचे धपाटे खातात आणि घुगऱ्या घेऊन घरी जातात. ताईला हे मंजूर नव्हतं. तिचं म्हणणं, मान आत्याचा तर नावही आत्याचं. सख्ख्या, चुलत, मावस, सगळ्या भावांच्या घरची मिळून अकरा नावं तिनं ठेवली. लोणारच्या एसटीतून उतरायची ती थेट वही काढून. बाळाचं तोंड नंतर पाहायची.

तिचं शास्त्र ऐकण्यासारखं होतं. "दोन अक्षराचं नाव म्हंजे बिनकवाडाचं घर. कोनीबी आत येते." म्हणून नाव लांब हवं. पण नुसतं लांबही चालत नाही, कारण लांब नाव लोक तोडतातच. "ज्वारीचं धांडं कुठं मोडते? पेरावर. नावाले पेर नसावं." बिनपेराचं लांब नाव शोधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. पुरुषोत्तमाचा पुरश्या होतो. चिदानंदाच्या चिंद्या होतात. कादंबरीची तर पोट्ट्यांनी सरळ कांदी केली.

पोट्ट्यांची परीक्षा झाली की दुसरी असायची रागाची. घरातल्या माणसानं रागात येऊन ते नाव घेऊन दाखवायचं. माझ्या बायकोला तिनं ओलं बाळंतपण असताना रागवायला लावलं होतं. "रागव ना व. लाथ मारून दुधाचं पातेलं सांडलं त्यानं, असं समज." बायको बिचारी कण्हत कण्हत रागवली. नाव रागातही पुरं निघालं, तरच खरं.

स्वतः ती कुणाचंच नाव अर्धं घेत नाही. आमचा दूधवाला पांड्या तिच्या तोंडी पांडुरंग. दारातला कुत्रा मोती, त्याला ती मोतीराम म्हणते, आणि खोटं नाही सांगत, त्या हाकेला तो जरा वेगळ्या ऐटीत उठतो. "नाव पुरं घ्यावं, दिवाकर. अर्धं घेतलं तर माणूस अर्धा येते," हे तिचं वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. मला सगळे दिवा म्हणतात. तिनं आयुष्यात कधी म्हटलं नाही.

आणि ती ढेमसं खात नाही. आमच्याकडे बाजारात ढेमसं म्हणजे रोजची भाजी, हिरवी, गोल, पोसलेल्या लिंबाएवढी. माझ्या बायकोला लग्नानंतर हे माहीत नव्हतं. तिनं एकदा भरली ढेमसी करून वाढली. ताईनं ताट बाजूला सारलं आणि ठेच्यासंगं भाकर खाऊन उठली. बायकोनं मला विचारलं, "काऊन व्हय, त्याईले ढेमसं चालत नाई का?" मी म्हटलं, "वातूळ असते ना, म्हणून."

वातूळ कसलं आलंय. लहानपणी सगळं गाव ताईला ढेमसी म्हणायचं. आणि ते नाव मी ठेवलं होतं.

मी सात वर्षांचा होतो, ती बारा वर्षांची. आमचं गाव चिखलीपासून दीड-दोन कोसांवर. नागपंचमीला आईनं तिला हिरवं परकर-पोलकं शिवलं होतं. ती अंगानं तेव्हा गोल होती. नवीन कपडे घालून ती दारात आली आणि मी ओट्यावरून ओरडलो, "पाहा बे, ढेमसी आली." एवढंच. ओट्यावर माझ्या वयाचे पाच-सहा जण होते. दुपारपर्यंत ते नाव आळीत गेलं, दिवस मावळायच्या आत गावात. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांच्या मुलानं म्हटलं. पुढे तिचं लग्न झालं तर आमच्या गावचा एक भाजीवाला लोणारच्या बाजाराला जायचा, त्याच्या तोंडून ते तिच्या सासरीही पोचलं. नाव एसटीनं जातं, तिकीट काढत नाही.

नाव ठेवलं याचं एक वेळ मला काही नाही. पोरं ठेवतात. पण त्या संध्याकाळी ती गोठ्यात रडत बसली होती आणि तिनं मला बोलावून विचारलं, "दिवाकर, हे नाव पहिल्यांदा कोनं काहाडलं?" तिच्या चिमट्याची मला भीती होती, आणि वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, छडीची त्याहून जास्त. मी म्हटलं, "कमलनं."

कमल समोरच्या घरची. ताईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी पाण्याला बरोबर, शेतात बरोबर, झोपायलाही आज हिच्या घरी तर उद्या तिच्या. तिचंच नाव का घेतलं? जवळ होतं म्हणून. दहा मिनिटांपूर्वी तिच्याच घरचा पेरू मी खाल्ला होता.

ताईनं त्या दिवसापासून कमलशी बोलणं सोडलं. कमल चार-पाच दिवस दारात येऊन उभी राहिली. विचारायची, "काय झालं व सुमित्रा, सांग तर खरी." ताई आत निघून जायची. मग कमलनं यायचं थांबवलं. पुढे कमल संग्रामपूरकडे दिली, ताई लोणारला दिली. ताईच्या हळदीला कमल आली होती, मांडवाच्या खांबापाशी उभी राहिली आणि न जेवता गेली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. सगळं कळत होतं मला.

सांगायचं मी खूपदा ठरवलं. राखीला ती यायची तेव्हा दर वर्षी ठरवायचो. पण ती ओवाळत असायची, मग वाटायचं, आज नको, सणाचा दिवस आहे. चार वर्षांपूर्वी कमल वारली. गावाकडून फोन आला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, संपलं आता, सांगून तरी काय उपयोग.

तर अशी ही ताई, आणि तिची ती वही. माझ्या मुलाच्या वेळी एकोणीस दिवस बारसं लांबलं. शेवटी तिनं त्रिविक्रम काढलं. पोट्ट्यांनी दोन वेळा शेंगदाणे मागून घेतले, पण त्यांना ते नाव नीट म्हणताच येईना, तर मोडणार काय. ताई इतकी खूश झाली की तिनं त्यांना वरून पेढे दिले. पुढे त्रिविक्रम पहिलीत गेला आणि पहिल्याच दिवशी जेवणाचा डबा घरी विसरून रडला. तेव्हापासून दहावीपर्यंत शाळेत तो डब्बा. नावाला हातही न लावता पोरांनी काम केलं. ताईला हे कळलं तेव्हा ती लोणारहून आली, शाळेच्या फाटकाशी उभी राहिली आणि सुटणाऱ्या एकेका पोराला थांबवून सांगितलं, "त्याचं नाव त्रिविक्रम हाये." दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला पुरं म्हणू लागली, त्रिविक्रम डब्बा. मी हसलो होतो. ती तीन दिवस जेवली नाही, हे मला बायकोनं नंतर सांगितलं.

आता त्रिविक्रम पुण्याला कंपनीत आहे. तिथे त्याला विकी म्हणतात. हे आम्ही ताईला सांगितलेलं नाही.

यंदा त्याला मुलगी झाली. सूनबाईला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच केलं. त्रिविक्रमला सख्खी बहीण नाही, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगायचा मान फिरून ताईकडेच आला. ती बाळ चार दिवसांचं असताना आली. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक देणं, सगळं तिनं अंगावर घेतलं. वय सहासष्ट, पण मांड्यांवर बाळ घेऊन बसली की तासभर हलत नाही.

घोळ झाला तो नावावरून. मुलानं आणि सुनेनं मायरा ठरवलं होतं.

"मायरा?" ताई म्हणाली. "हे नाव हाये का आडनाव?"

"आत्या, छोटंसं, सोपं नाव पाहिजे," त्रिविक्रम म्हणाला. "माझं नाव लिहून देता देता हात दुखते माझा. फोनवर सांगायचं म्हटलं तर तीन वेळा सांगा लागते."

"तीन वेळा सांगा लागते म्हंजे लोक तीन वेळा ऐकतात तुले. वाईट काय हाये त्यात?"

सूनबाई हसली, पण तिनंही हेका सोडला नाही. शेवटी ताईनं एक दिवस मागून घेतला. बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं ओटा झाडला, शेंगदाणे भाजले आणि पोट्टे गोळा केले. तीन मुलगे आणि एक मुलगी, सात-आठ वर्षांचे. दुकान जेवणाच्या वेळेला बंद असतं, म्हणून मीही दारात खुर्ची टाकून बसलो होतो.

मायरा तर त्यांनी बसल्या बसल्या मोडलं. मग ताईनं आपलं ठेवणीतलं काढलं. "स्वयंप्रभा. हं, मोडा बरं याले."

पोट्टे गप्प झाले. एक जण "सव... सव..." करत राहिला. पाच मिनिटं गेली, सात गेली. ताईच्या चेहऱ्यावर मी वीस वर्षांत पाहिला नव्हता असा आनंद दिसायला लागला. आणि कडेला बसलेला पोरगा हळूच म्हणाला, "सोयाबीन."

झालं. चौघंही लोळले. खोटं का बोला, मलाही हसू आलं. बियाण्याच्या दुकानदाराची नात आणि सोयाबीन.

ताई हसली नाही. "कोन बोल्लं?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण लोळणारी पोरं उठून बसली. त्या पोरानं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या मुलीकडे बोट केलं. "हे बोल्ली."

मुलीचं तोंड शेंगदाण्यांनी भरलेलं होतं. तिला बोलताही येईना. तिनं नुसती मान हलवली, नाही, नाही, आणि डोळे भरून आले. ताई म्हणाली, "ऊठ व. जा घरी." मुलगी उठली. तिचा गुळाचा खडा ओट्यावरच राहिला.

"ताई," मी म्हणालो, "ती नाही बोलली. हा बोलला."

"तुले कसं माईत?"

"मी पाहत होतो." इथे थांबायला हवं होतं. इतकी वर्षं थांबलोच होतो. पण त्या पोराचा चेहरा मी पाहत होतो. आता आपण सुटलो, असा तो चेहरा होता. "आणि कमलही नव्हती बोलली," मी म्हणालो. "ढेमसी मी म्हटलं होतं. तुला खोटं सांगितलं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं त्या मुलीला हात धरून परत बसवलं, गूळ तिच्या हातात दिला, उरलेले शेंगदाणे सगळ्यांच्या खिशात भरले आणि म्हणाली, "जा रे पोट्टेहो. खेळा." मग ती ओट्यावरची फोलपटं गोळा करायला लागली. एकेक करून.

"आख्ख्या गावात ती एकटी होती," ती म्हणाली, "जिनं मले कधी ढेमसी म्हटलं नाई. आबाबी म्हनत, मायबी म्हने. तिनं कधीच नाई. मले वाटे, मनात चोर हाये म्हून म्हनत नाई."

ओट्याच्या फटीतलं एक फोलपट तिनं नखानं ओढून काढलं.

"सात-आठ वर्षं झाले असतील. हितंच, चिखलीच्या स्टँडवर भेटली होती. मागून हाक मारली तिनं, सुमित्रा म्हून. म्या ओळखला आवाज. वळली नाई. लोणारची गाडी लागली होती, चढून बसली. ती खिडकीखाली येऊन उभी राह्यली. गाडी सुटेपर्यंत उभी होती, दिवाकर. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाह्यत बसली."

"चुकलं माझं, ताई," मी म्हणालो. "लहान होतो मी."

"हाव ना. सात वर्षाचा होता तू. सात वर्षाच्याले म्या माफ केलं." तिनं फोलपटं पदरात घेतली. "पन मंग तू चाळीस वर्षाचा झाला. पन्नास वर्षाचा झाला. तवा काय झालं होतं तोंडाले?"

ती आत गेली. मी दुकान उघडायला गेलो नाही. खुर्चीतच बसून राहिलो. पोरं समोर खेळत होती, त्यांनी एकमेकांची काय काय नावं ठेवली, कानावर पडत होतं.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. ताई नवीन लुगडं नेसली. सूनबाई घाबरतच म्हणाली, "आत्याबाई, मग नाव?" ताई म्हणाली, "मायराच ठेवा. चांगलं हाये." सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. त्रिविक्रमला वाटलं आपण जिंकलो. ताईनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, नाव जाहीर झालं, घुगऱ्या वाटल्या गेल्या. तिच्या अकरा नावांपुढे हे बारावं, आणि परीक्षेत नापास होऊनही ठेवलेलं पहिलंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला जात होतो तर न्हाणीतून ताईचा आवाज आला. बाळाला तेल चोळत होती. "रडू नाई व कमळे. झालं, झालं. पाय दे बरं तुहा, कमळे."

सूनबाई दारात टॉवेल घेऊन उभी होती. "आत्याबाई, तुम्हीच म्हणता ना, नाव मोडू नये?"

"हे मायरा मोडून केलेलं नाई, माय," ताई म्हणाली. "हे येगळं हाये. मले म्हनू दे."

आता दोन महिने झाले. मायराला मायरा फक्त आईबाप म्हणतात. ताई दिवसातून वीस वेळा कमळे म्हणते. जिनं कुत्र्याचंही नाव अर्धं घेतलं नाही, ती. बायको म्हणायला लागली, दूधवाला म्हणायला लागला. ती हाक आली की बाळ मान वळवतं, आणि मी जिथे असेन तिथे माझाही हात थांबतो. पण तिला म्हणू नको, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

परवा त्रिविक्रम सूनबाईला आणि बाळाला न्यायला पुण्याहून आला. जेवताना त्यानं विचारलं, "आत्या, ही कमळी कोण? बाबा म्हणतात माहीत नाही."

हो, मी असं म्हणालो होतो. आदल्या रात्री फोनवर. अजूनही.

ताईचा घास हातात राहिला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भातात वरण कालवत होतो. मी बोलेन म्हणून थांबली होती, हे मला कळत होतं. मग तिनंच सांगितलं.

"होती एक मैतरीन माही, समोरच्या घरची. लहानपनी आमचं भांडन झालं. काही कारन नोतं. माह्याच डोक्यात तिरसटपना होता, म्या बोलनं सोडलं." आणि त्याच्या ताटात पोळी टाकत म्हणाली, "जेव तू, त्रिविक्रम."

तो जेवायला लागला. मीही जेवलो.

त्रिविक्रम, हे तुझ्या हाती कधी पडलं तर नीट वाच. तुझ्या आत्याच्या डोक्यात तिरसटपणा नव्हता. त्या दिवशी ताटावर ती खोटं बोलली, माझ्यासाठी.